मुक्याचा जबाब

मुका आला तेव्हा गावातल्या विहिरी तळाला लागल्या होत्या आणि लोहाराच्या भट्टीला उसंत नव्हती. पाणी खाली गेलं की माणूस त्याच्यामागे खाली जातो. जो तो विहीर आणखी दोन हात खोदायला निघालेला. खोदायचं म्हणजे पहारी बोथटणार, कुदळी वाकणार, छिन्न्यांची टोकं मोडणार. सकाळी दार उघडायच्या आत उंबऱ्याशी लोखंडाचा ढीग पडलेला असायचा.

आणि नेमकी तेव्हाच म्हाताऱ्याची कंबर धरली. म्हातारा म्हणजे लोहाराचा बाप. भट्टीवर दोन माणसं लागतात: एकाने सांडशीत लोखंड धरून हातोडीने जागा दाखवायची, दुसऱ्याने त्या जागी घण घालायचा. तीस वर्षं बापलेकांनी असंच काम केलेलं. आता म्हातारा खाटेवर पडून नुसता आवाज ऐकायचा आणि ओरडायचा, "थंड झालंय रे ते! थंड्यावर मारतोयस!"

भंगारवाल्याने एक दिवस एक माणूस आणून उभा केला. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, दंड भरलेले.

"मुका आहे," भंगारवाला म्हणाला. "ऐकू येतं, बोलता येत नाही. लिहावाचायचंही नाव नाही. पण काम सांगा आणि बघा."

लोहाराने पट्टी तापवली, ऐरणीवर धरली, हातोडीने टक केलं. घण बरोबर त्या जागी आला. पुन्हा टक, पुन्हा घण. पाच-सहा घावांत दोघांचा ताल जमला. खाटेवरून म्हातारा म्हणाला, "हां! याला ठेवून घे."

लोहारणीला मात्र हे पटलं नव्हतं. भट्टीमागच्या पडवीत परका पुरुष राहणार, आणि त्याच्या मनात काय आहे ते कधी कळायचं नाही. पण महिनाभरात ती त्याला विसरली, म्हणजे घरातलं माणूस जसं विसरतो तसं. तो न सांगता पाणी भरायचा, म्हाताऱ्याला उचलून उन्हात बसवायचा, ताटात पडेल ते मान खाली घालून जेवायचा. म्हातारा म्हणायचा, "या घरात शहाणा एकच. आणि त्याला बोलता येत नाही, म्हणून शहाणा."

दाजी आला तो दुसऱ्या महिन्यात. लोहाराच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचे ट्रक होते, आणि तो आला की बसलेली माणसं उठून उभी राहायची. ट्रकमध्ये काय असतं हे गावाला माहीत होतं. ज्यांच्या विहिरीत पाणी उरलं होतं त्यांच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या, तांब्याच्या तारा कापल्या जात होत्या, आणि ज्याने तक्रार केली त्याचं उभं पीक एका दुपारी पेटायचं. मोटारी लोहाराकडे यायच्या. त्यांच्यावरचे नंबर कानशीने घासायचे, नवी पट्टी बसवायची. बहिणीचं घर आहे, म्हणून लोहाराने पहिल्यांदा हो म्हटलं होतं. दुसऱ्यांदा त्याला कोणी विचारलंच नाही.

दाजीने मुक्याकडे बराच वेळ पाहिलं. "मुका आहे, की सोंग करतोय?"

"मुकाच आहे," लोहार म्हणाला.

दाजीने भट्टीच्या कडेची पट्टी सांडशीने उचलली. लाली नुकतीच गेलेली, दिसायला काळी. हेच लोखंड सगळ्यात वाईट. दिसतं थंड आणि चिकटतं कातड्याला. "ही धर रे," दाजी म्हणाला.

भट्टीवरच्या माणसाला ते कळलं नसेल असं नाही. मुक्याने हात पुढे केला. दाजीने पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली आणि सांडशीने दाबली.

लोहारीण तो आवाज आयुष्यात विसरली नाही. शब्द नव्हता तो. पोटातून निघाला आणि घशात फाटला. मुका गुडघ्यावर बसला, मनगट दुसऱ्या हाताने धरून गदागदा हलत राहिला. ना आई, ना अगं, ना काही.

"पास," दाजी हसला. "असा माणूस लाखात एक. सांभाळ याला."

लोहार जमिनीकडे बघत होता. लोहारणीने मुक्याचा हात पाण्यात धरला, मलम लावलं, फडकं बांधलं.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली. बोलायला दुसरं होतं कोण? मुलगी सासरी, म्हाताऱ्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, आणि नवरा दिवसभर कानात घणाचा आवाज घेऊन रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मुका पडवीत बसून पहारींना दांडे बसवत असायचा, ती शेजारी धान्य निवडायची आणि सांगायची. नवरा जेवत नाही. नवरा झोपेत दचकतो. परवा नऊ मोटारी आल्या, त्यातली एक माझ्या भावाच्या विहिरीवरची होती, मी ओळखली, आणि माझ्याच नवऱ्याने तिचा नंबर घासला. भाऊ इथे येऊन रडून गेला, मी त्याला चहा दिला. "मुक्या, तुला म्हणून सांगते," असं ती प्रत्येक वेळी म्हणायची. मुका मान हलवायचा. कधी कधी डोळे पुसायचा. तिला वाटायचं, भट्टीचा धूर.

दहाव्या महिन्यात गावच्या पाण्याच्या टाकीवरचा राखणदार मेला. टाकीची मोठी मोटार न्यायला आलेल्यांना तो आडवा गेला होता. डोकं फुटून पडलेला माणूस सकाळी पाण्याला गेलेल्या बायकांना दिसला. लोहारणीची घागर त्या रांगेत होती.

ती धावत घरी आली तर दाजी भट्टीशी उभा. त्याने गोणपाटात गुंडाळलेली एक पहार लोहारापुढे टाकली. "हिच्या छिन्न्या कर. आज. माझ्यासमोर."

लोहाराने पहार तापवली, तोडली, ठोकली. घण मुक्याचाच होता. दाजी अर्ध्या कामात कंटाळून गेला. तेव्हा लोहाराने मुक्याला पाणी आणायला पिटाळलं आणि अजून भट्टीत न गेलेला टोकाचा वीतभर तुकडा फडक्यात बांधून ऐरणीच्या ओंडक्याखाली पुरला. त्या तुकड्यावर काय चिकटलं होतं ते त्याने बायकोला सांगितलं. "उद्या हा माझ्याच गळ्यात बांधेल. तेव्हा माझ्याकडे काहीतरी पाहिजे."

ती चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी दाणे निवडता निवडता तिला उलटी झाली. मुक्याने पाणी दिलं. आणि ती म्हणाली, "मुक्या, तुला म्हणून सांगते."

चौदाव्या महिन्यात, सकाळचे नऊ वाजले असतील, लोहार पहारीला टोक काढत होता. हातोडी वाजली, टक. घण आला नाही.

लोहाराने पुन्हा टक केलं. लोखंडाची लाली उतरत होती. तो वैतागून वर बघतो तर मुक्याने घण जमिनीवर टेकवला होता आणि तो रस्त्याकडे बघत होता. रस्त्यावर चार गाड्या थांबत होत्या.

"दादा," मुका म्हणाला, "हातोडी खाली ठेवा."

आवाज बारीक होता, जरा घोगरा, वापर नसल्यासारखा. लोहाराने आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण बोललं म्हणून. मग तो हसला. खरंच हसला, लहान मुलासमोर कोणी नाणं गायब केलं की ते हसतं तसा.

"सूनबाई!" म्हातारा खाटेवर उठून बसला होता. कंबर, दुखणं, सगळं विसरून. "अगं, ऐकलंस का? मुका बोलला! मुक्याला वाचा फुटली!" आनंदाने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

लोहारीण पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. तिलाही क्षणभर आनंदच झाला. त्याबद्दल तिने पुढे कधी स्वतःला माफ केलं नाही.

पोलीस आत शिरले. मुक्याने त्यांना सलाम केला नाही, त्यांनीच त्याला केला. मग तो सरळ ऐरणीपाशी गेला. "हा ओंडका हलवा. खाली फडक्यात लोखंड आहे. हात लावू नका."

लोहाराचं हसू अजून तोंडावरच होतं, फक्त आता ते कुणाचंच नव्हतं. तो ओंडक्याकडे बघत राहिला. मुक्याला त्याने पाण्याला पिटाळलं होतं. मग याला कसं कळलं? हा प्रश्न त्याच्या कपाळावर लिहिलेला लोहारणीने वाचला, आणि बादली तिच्या हातून सुटली. पाणी भट्टीच्या कडेपर्यंत गेलं आणि निखारे फसफसले.

"वहिनी, खाली बसा," मुका म्हणाला. "चक्कर येईल."

दुपारपर्यंत उंबऱ्याशी पडलेला लोखंडाचा ढीग नाहीसा झाला. माणसं एकेक करून आली, आपापली पहार, आपापली कुदळ उचलून घेऊन गेली. कोणी आत पाहिलं नाही. काल याच माणसांनी "माझी आधी, माझी आधी" म्हणून भांडण केलं होतं. एक जण तर अर्धी ठोकलेली छिन्नी घेऊन गेला.

संध्याकाळी नणंद आली. तिच्या नवऱ्यालाही त्याच सकाळी घरातून नेलं होतं. ती अंगणातूनच ओरडली, "साप पाळलास दूध पाजून! आणि चावला कोणाला, माझ्या माणसाला!" मग तिने पडवीतलं मुक्याचं अंथरूण बाहेर ओढलं आणि पायाखाली तुडवलं. तुडवता तुडवता दमली आणि त्याच अंथरुणावर बसून रडली. लोहारीण तिला पाणी द्यायला गेली तर तिने तांब्या भिरकावला.

म्हातारा एकच विचारत राहिला, "पण तो बोलला ना? मी ऐकलं ते खरं ना?"

आठव्या दिवशी लोहारणीला बोलावणं आलं. तालुक्याच्या ठाण्यात एका खोलीत टेबल होतं, दोन खुर्च्या, आणि खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. टेबलामागे एक माणूस उठून उभा राहिला. दाढी काढलेली, इस्त्रीचा शर्ट. चेहरा दहा वर्षांनी लहान आणि अनोळखी. तिने त्याला ओळखलं ते हातावरून. तळहातावर पट्टीचा डाग होता.

"वहिनी, बसा."

तिला तू म्हणावं की तुम्ही, तेच कळेना. ती उभीच राहिली.

तो बोलत गेला. तो फौजदार होता. एकाच सकाळी एकोणीस ठिकाणी धाडी घातल्या. चोर, ट्रकवाले, माल ठेवणारे, माल घेणारे. "एकटा चोर पकडला की टोळी दुसरा ठेवते. मुळापर्यंत जायचं तर आत माणूस बसवावा लागतो आणि धीर धरावा लागतो. पण तुमचे दाजी कुठल्याच कागदावर नाहीत. त्यांच्या विरुद्ध बोलायला माणूस नाही. पहार कोणी आणून दिली, हे दादांनी स्वतः सांगितलं तरच ते अडकतील. दादांना माफीचा साक्षीदार करता येईल, ते सुटतील. पण ते तोंड उघडत नाहीत. बहिणीचं नाव घेऊन गप्प बसतात."

"ओंडक्याखालचं तुला कोणी सांगितलं?" तिला उत्तर माहीत होतं. तरी तिने विचारलं.

त्याने खण उघडून एक यंत्र काढलं, काडेपेटीएवढं. "हे माझ्या पट्ट्यात असायचं." त्याने कळ दाबली.

आधी दाणे सुपात पडण्याचा आवाज आला. मग एक बाई बोलू लागली. लोहारणीने आपला आवाज असा कधी ऐकला नव्हता. केवढा मऊ होता तो. इतक्या मायेने ती जन्मात नवऱ्याशी बोलली नव्हती. मुक्या, तुला म्हणून सांगते.

"बंद कर," ती म्हणाली. "बंद कर रे!"

त्याने बंद केलं. बाहेर कोणीतरी टाइप करत होतं, ते थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

तिने मान वर केली. "एक विचारते. टाकीवर ते जाणार, हे तुला आधी माहीत होतं?"

तो खिडकीकडे बघायला लागला.

"बोल की. आता तर येतं ना बोलता?"

"माहीत होतं," तो म्हणाला. "दोन दिवस आधी. मी भंगारवाल्यामार्फत वर कळवलं. वरून उत्तर आलं, थांबा. माल घेणारा सापडलेला नाही, आत्ता हात घातला तर सगळे पसार होतील. एक मोटार जाईल, जाऊ द्या. माणूस मरेल असं कोणाला वाटलं नव्हतं."

"आणि तुला?"

त्याने यंत्र पुन्हा खणात ठेवलं.

"तुला रे? तू तर त्याला ओळखत होतास. तो आमच्याकडे विळा लावायला यायचा. तुला तंबाखू द्यायचा."

"तो आडवा जाईल अशी मला भीती होती," तो म्हणाला. "जाणारा माणूस होता तो."

लोहारीण तेव्हा खुर्चीत बसली. तिला वाटत आलं होतं की पाप आपल्या घराचं. नंबर आपल्या घरात घासले, पहार आपल्या घरात तोडली, आणि सांगितलंही आपणच. आणि इथे हा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला.

"आम्ही गप्प बसलो ते जिवाच्या भीतीने," ती हळू म्हणाली. "तुला कोणाची भीती होती?"

त्याने तळहातावरचा डाग अंगठ्याने चोळला.

"मी नवऱ्याशी बोलते," ती म्हणाली. "पण हे, आत्ता मला सांगितलंस ते, तू कोर्टात सांगायचं."

"विचारलं तर सांगेन."

"न विचारता."

"वहिनी, माझी नोकरी जाईल."

"आमची भट्टी गेली."

कोठडीत लोहार गजांशी उकिडवा बसला होता. आठ दिवसांत त्याचे हात गोरे पडले होते. काजळी नसलेले नवऱ्याचे हात तिने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिले.

"मी विचार करून थकलो," तो म्हणाला. "त्याला पाण्याला पाठवलं होतं मी. त्याने पाहिलं कसं?"

"त्याने नाही पाहिलं," ती म्हणाली. "मी सांगितलं."

तिने सगळं सांगितलं. धान्य निवडताना, उलटी झाल्यावर, शब्दन् शब्द. शिव्या ऐकायची तिची तयारी होती. मधे गज होते, नाहीतर मार खायचीही होती.

लोहार ऐकत राहिला. मग म्हणाला, "चौदा महिने मी त्याच्या घणाखाली हात ठेवून काम केलं. एक घाव चुकला असता तर बोटं गेली असती. एकदाही चुकला नाही." त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. "तू एवढं बोलत होतीस?"

"हो."

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही भिंतीकडे तोंड करायचात."

त्याने कपाळ गजाला टेकवलं. "तिचं काय होईल?" त्याने विचारलं. बहिणीचं विचारत होता.

"ती आपलं तोंड बघणार नाही. जिवंत आहोत तोवर नाही. मी तुम्हाला खोटं सांगत नाही."

"हं," लोहार म्हणाला. मग कपाळ गजावरून उचलून, "त्या टाकीवाल्याची बायको कशी आहे?"

"पाण्याच्या रांगेत येते. कोणी बोलत नाही तिच्याशी. भीतीने."

लोहाराने शिपायाला हाक मारली आणि सांगितलं, लिहून घेणाऱ्याला बोलवा.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. म्हातारा तेवढ्यात वारला. शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, की आमच्या घरी मुक्याला वाचा फुटली. लोहार-लोहारणीला पोलिसांनी दूरच्या शहरात एका खोलीत ठेवलं. तिथे तो लोखंडी दरवाज्यांच्या कारखान्यात कामाला लागला.

कोर्टात लोहार खाली बघून बोलला, पण बोलला. पहार कोणी आणली, काय म्हणाला, कुठे उभा होता. दाजी त्याच्याकडे एकटक बघत होता. बहीण मागच्या बाकावरून उठून निघून गेली, चपलांचा आवाज करत.

मग मुका उभा राहिला. सरकारी वकिलांनी विचारलं तेवढं त्याने सांगितलं. "तुम्ही जाऊ शकता," वकील म्हणाले. तो गेला नाही.

"मला आणखी एक सांगायचं आहे," तो म्हणाला. "राखणदार मेला त्या रात्रीच्या चोरीची खबर मला दोन दिवस आधी होती. मी वरिष्ठांना कळवली. आम्ही कोणी त्याला सावध केलं नाही. मीही केलं नाही. तो मला रोज भेटत होता."

सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. दाजीचा वकील खुर्चीतून अर्धा उठला आणि काय विचारावं ते न कळून पुन्हा बसला. न्यायाधीशांनी विचारलं, हे लिहून घ्यायचं का? मुका म्हणाला, हो.

दाजीला जन्मठेप झाली. मुक्याची चौकशी लागली. पुढे त्याला कुठल्याशा गोदामावर बसवलं असं कानावर आलं. लोहार सुटला.

पण ते नंतर. त्या दिवशी मुक्याची साक्ष झाली आणि लोहारीण बाहेर व्हरांड्यात आली, तेव्हा कोणीतरी मागून तिचं मनगट धरलं. राखणदाराची बायको होती. दिवसभर ती पहिल्या बाकावर बसून होती, एक शब्द न बोलता. तिच्या पकडीत जोर होता. रांगेत घागरी उचलणाऱ्या बाईचा.

आता ही थोबाडीत मारणार, असं लोहारणीला वाटलं. तिने तोंड चुकवलं नाही.

"तुम्हाला सगळं माहीत आहे," ती बाई म्हणाली. "मोटारी किती, पहार कोणाची, तुकडा कुठे. त्या पोलिसाला माहीत, तुमच्या मालकांना माहीत. सगळं आत सांगितलंत. मग एक सांगा. माझ्या माणसाने हाक मारली होती का?"

"काय?"

"मारताना. त्याने कोणाला हाक मारली का? माझं घर टाकीपासून जवळ आहे. मी जागी होते. मला काही ऐकू आलं नाही. त्याने हाक मारली, आणि मला ऐकू आली नाही, असं झालं का?"

लोहारणीने तोंड उघडलं. नवरा त्या रात्री टाकीवर नव्हता. मुका तिथे नव्हता. जे होते ते आत पिंजऱ्यात उभे होते, आणि ते सांगणार नव्हते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"खरंच नाही?"

"खरंच नाही."

ती बाई तिच्या डोळ्यांत बघत राहिली, खरं बोलतेय का ते तपासत. मग तिने मनगट सोडलं आणि जिन्याकडे गेली. जिना उतरणाऱ्या एका शिपायाला तिने थांबवलेलं लोहारणीला वरून दिसलं. ती त्याला तेच विचारत होती. शिपाई मान हलवत होता.